गाय अडली आणि माझा नंबर लागला

व्हेटर्नरीला माझा नंबर लागल्याचं मला कसं कळलं, ऐका! उमरठला आमची गाय अडली होती. आमच्या भागात जनावरांचे डॉक्टर एकच, तेही लांब दुसऱ्या गावात. ते फोनवरून सांगत होते आणि मी वासराचे पाय धरून बसले होते.

“कळ आली की ओढ!”

बाबांनी आणि मी ओढलं आणि पाडी सुळकन बाहेर आली! तेवढ्यात आई धावत आली. “गो, तुला कॉलेज मिळालं!”

मी चिकट हातांनीच नाचायला लागले. फोन चालूच होता. त्यातून डॉक्टर माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडले, “शाब्बास! पण शिकून मुंबईच्या कुत्र्या-मांजरांकडे पळू नकोस हां. इथे गाई-म्हशींना मी एकटाच आहे!”