दादाचं वाचन, वहिनींचे डोळे

नाही, पण मी म्हणतो, फ्रीज दुरुस्त करणाऱ्या कंपनीत पुस्तकं हवीत कशाला? तुम्हाला सांगतो, आमच्या दादाच्या बढतीची माती केली ती या पुस्तकांनी! चांगला सुपरवायझर होता, यंदा मॅनेजर होणार हे शिपायालासुद्धा ठाऊक, आणि तेवढ्यात नवे साहेब आले. आले ते गठ्ठा घेऊनच! व्यक्तिमत्त्व विकास, नेतृत्व, यश... दर महिन्याला प्रत्येकानं एक वाचायचं आणि मीटिंगमध्ये उभं राहून सांगायचं. 'मित्रांनो,' साहेब डोळे मिटून म्हणायचे, 'वाचनानं माणूस वाढतो!' वाढतो म्हणे!

आता दादा आणि पुस्तक... अहो, लग्नाची पत्रिकासुद्धा तो नुसती तारीख बघून ठेवून देतो! दुसऱ्या पानावर घोरायला लागला. मग काय केलं त्यानं? पुस्तक दिलं वहिनींच्या हातात. 'तू शिकलेली, शाळेत शिकवत होतीस, तू वाच आणि जेवताना मला सांग.' शिकवत होत्या, खरंय. दादाच्या बदल्यांपायी सुटली ती नोकरी, पण तो विषय काढतंय कोण? वहिनी कपडे वाळत घालता घालता वाचायच्या, भाजी ढवळत वाचायच्या, आणि ताटावर असं सोपं करून सांगायच्या की मी त्यांच्या घरात फुकट राहणारा धाकटा दीर, पण मलासुद्धा दोन घास जास्त जायचे! दुसऱ्या दिवशी हा पठ्ठ्या मीटिंगमध्ये शब्द न् शब्द ओकायचा. साहेब खूश! 'काय हो खोली तुमच्या विचारांत!' खोली? अहो, भाड्याची खोली ती! आणि तिथं वहिनींचं नाव? एकदासुद्धा नाही. वाढतो म्हणे माणूस...

मग आलं ते पुस्तक, ठामपणे नकार कसा द्यावा याचं. वहिनींनी वाचलं, सांगितलं, दादानं टाळ्या घेतल्या. पुढच्या महिन्यात त्यानं नवं पुस्तक पुढं केलं, तर वहिनी म्हणतात, 'नाही.'

'नाही म्हणजे?'

'नाही म्हणजे नाही. तुमचं पुस्तक तुम्ही वाचा.'

'अगं, याच महिन्यात मॅनेजर ठरणार आहे!'

'मग नीट वाचा.'

दादा माझ्याकडे बघतोय, मी ताटाकडे!

पुस्तक होतं दुसऱ्याचं ऐकून घेण्यावर. गडी न वाचताच उभा राहिला. साहेबांनी विचारलं, 'ऐकण्यातला सगळ्यात मोठा अडथळा कोणता?' दादा घामाघूम... आणि म्हणाला, 'मळ, साहेब. कानातला.' हसले हो सगळे, शिपाईसुद्धा! मॅनेजर कोण झाला? स्टोअरमधला चष्मेवाला! त्यानं तरी वाचलं होतं का? छे! त्याची बायको अजून वाचून सांगते!

घरी आला तो फणफणतच. 'तुझ्यामुळे गेलं माझं!' वहिनींचा आवाज जरासुद्धा चढला नाही. म्हणाल्या, 'माझ्यामुळे मिळत होतं, हे इतक्या महिन्यांत कुणाला सांगितलंत?' बूटसुद्धा न काढता खाली बसला हो तो! आणि वहिनींनी काय केलं? कोपऱ्यावरच्या शाळेत जाऊन विचारलं, आणि लागल्यासुद्धा!

आता खरी गंमत ऐका. दादानं ते ऐकण्याचं पुस्तक वाचलं. स्वतः! शेवटच्या पानापर्यंत! हल्ली संध्याकाळी वहिनी शाळेतून आल्या की हा टीव्ही बंद करतो, पाण्याचा ग्लास पुढं करतो, समोर खुर्ची ओढून बसतो आणि म्हणतो, 'बोल, मी ऐकतोय.' वाढला हो माणूस, मी कुठं नाही म्हणतोय? पण वहिनी... वहिनी चपला काढतात, मान मागं टाकतात आणि म्हणतात, 'दिवसभर बोलून घसा बसलाय हो. उद्या सांगते.'

तो उद्या काही अजून उजाडलेला नाही... आणि दादा? बसतो आपला. जाणार कुठं?