मर्नाबाईंनी फोन ठेवला नाही

आदरणीय अध्यक्षा लुएला ब्रांट, व्यासपीठावरील डॉक्टरमंडळी, आजच्या सत्कारमूर्ती मर्ना हाउब्रिख, आणि एक डोळा केकवर ठेवून मला ऐकणाऱ्या न्यू उल्ममधल्या माझ्या समवयस्कांनो,

मर्नाबाईंनी या ज्येष्ठ नागरिक केंद्रात बसून आम्हा म्हाताऱ्यांना औषधांचा विमा समजावला. तोही फुकट! बदल्यात आम्ही काय दिलं? डोकेदुखी!

गेल्या जानेवारीतली गोष्ट. माझ्या बायकोला, आर्डिसला, कंपवात आहे. गोळी चुकली की तिला स्वतःचं बटणही लावता येत नाही. आणि औषधाच्या दुकानात कळलं, नव्या वर्षापासून विमा कंपनीने नेमकी तीच गोळी यादीतून वगळली! घरातल्या गोळ्या संपत आलेल्या. आम्ही तडक इथे आलो.

"ऑर्विल, हप्ता भरला म्हणजे सगळी औषधं मिळतात, असं कोणी सांगितलं तुला?" मर्नाबाई म्हणाल्या. "प्रत्येक कंपनीची यादी वेगळी. ती दरवर्षी बदलते. पानगळ सुरू झाली की तपासायची, नाही पटली तर कंपनी बदलायची."

"अगं, पण आता बर्फ पडतोय!"

"मग अपवाद मागू. हीच गोळी का हवी, ते तुमचे डॉक्टर कळवतील."

डॉक्टरांनी लगेच कळवलं. मर्नाबाईंनी कंपनीला फोन लावला. "कृपया थांबा," असं सांगून पलीकडे चक्क पोल्का नाचाची धून वाजू लागली! मर्नाबाईंनी आवाज मोठा केला. आर्डिस उठली. "हात नाचतातच आहेत, पायांनी काय पाप केलंय?" म्हणाली आणि मला ओढलं. बघता बघता रांगेतले सगळे नाचायला लागले. हे आपले डॉक्टरसाहेब हसतायत, पण गुडघे घेऊन तुमच्याकडे आलेले सगळे त्याच दिवसाचे, बरं का!

अचानक पोल्का थांबली आणि फोनवरून कंपनीतल्या मुलीचा आवाज आला, "हॅलो? तिथे लग्न आहे का?"

"नाही बाळा," धापा टाकत मर्नाबाई म्हणाल्या, "इथे एका बाईची गोळी अडलीय. मिळेपर्यंत आम्ही फोनही ठेवणार नाही आणि नाचही थांबवणार नाही!"

दुसऱ्या दिवशी मंजुरी आली. दुकानात गोळ्या हातात पडल्या तेव्हा आर्डिस हसत होती. रडत होतो तो मी.

मर्नाबाई आता लेकीकडे ॲरिझोनाला निघाल्यात. मग त्यांच्या खुर्चीत कोण बसणार? मंडळी, घाबरू नका, प्रशिक्षण पूर्ण झालंय. सोमवारपासून मी बसणार!

मर्नाबाई, आम्ही तुमचे ऋणी आहोत. श्रोतेहो, आभार. या भाषणातल्या चुका पोटात घाला. सोमवारपासूनच्या मात्र पोटात घालू नका, तिथल्या तिथे माझा कान धरा. पोटात औषधच जाऊ दे!