ज्याचा रिपोर्ट त्यालाच

दवाखान्याच्या वेबसाइटवर ईमेलच्या खात्याने लॉगिन करण्याची सोय आणणारी प्रोग्रामर त्याच दवाखान्याच्या बाकावर लॅपटॉप उघडून बसली होती. रिपोर्ट उघडण्याआधी ‘पेशंट तुम्हीच ना?’ असं प्रत्येकाला अडवून विचारणारी कोडमधली चौकी तिला आज काढून टाकायची होती. आपल्याला रिपोर्ट उघडता येत नाहीत, या नातेवाइकांच्या तक्रारींनी वात आणला होता. शेजारी दोन आजीबाई बोलत होत्या.

“तुमचे रिपोर्ट मुलगाच बघायचा ना हो?”

“बघायचा, आणि मला सांगायचा, सगळं छान आहे. पासवर्ड त्याच्याकडे. मी आपली मान डोलवायची.”

“आणि आता?”

“आता माझ्याच ईमेलने आत जाता येतं. तो आठवडाभर दवाखान्याच्या नावाने बोटं मोडतोय. मी बटण दाबलं, तर सरळ आत!”

“काय निघालं?”

“त्याने सहा महिने लपवलं ते. रडले थोडी. मग बहिणीला फोन लावला, चार वर्षांचा अबोला सोडला. ज्याने कुणी हे केलं ना, त्याचं भलं होवो.”

प्रोग्रामरने लॅपटॉप मिटला.

“मुलाला सांगितलंत, तुम्हाला कळलंय ते?”

“इतक्यात नाही. फार हळवा आहे हो तो. त्याच्या कलाने घेईन, हळूहळू सांगेन.”