पेवाच्या तोंडावरची हाक

बसा मंडळी, सरकून बसा — मागच्यांनाही जागा द्या! आज एकच प्रश्न विचारतो. जपायचं म्हणजे झाकायचं का हो? सांगा की! लग्नातला शालू — कपाटात. कपाटाची किल्ली — कमरेला. नेसायचा कधी? नातीच्या लग्नात! आणि तेव्हा उलगडला, तर घडीवरच चिरलेला! हसू नका काकू. तुमच्या कपाटात काय आहे ते मला ठाऊक नव्हतं — आता कळलं!

तर ऐका. कृष्णाकाठी एक पेवांचं गाव होतं. आताच्या पोरांना पेव म्हणजे काय ते सांगावं लागतं बघा! जमिनीत खोल खड्डा — तोंड माणूस उतरेल एवढं, पोट खोलीएवढं. त्यात हळद भरायची, तोंडावर दगडी झाकण, वरून शेणमातीचा लिंपा. कुठं फट राहता कामा नये! वारा शिरला की माल गेला.

त्या गावात केरबा पेवं खणायचा. हौसा त्याची बायको. नवी नवरी असताना ती दुपारची भाकरी घेऊन पेवावर जायची. घरात सासू, नणंदा, ओसरीवर सासरा — नवऱ्याशी बोलायची सोय कुठं? पण पेवाचा एक रिवाज होता. आत माणूस असला की वर कुणीतरी बसायचंच. वरच्यानं हाक मारायची, खालच्यानं ओ द्यायची. ओ आली नाही, की दोर ओढायचा! आत हवा कोंडते, माणूस बोलता बोलता जातो हो! हे हाक मारायचं काम हौसानं आपल्याकडं घेतलं. सासूलाही नाही म्हणता येईना — कामच ते!

"अवं ऽऽ!" — वरून.

"ओ ऽऽ!" — खालून.

आणि मग हळूच, "भाकरी गार झाली."

"होऊ दे. तू बस."

अहाहा! काय दिवस होते ते! पुढं म्हातारपणीसुद्धा हळदीचा वास आला की हौसाला तो खालून येणारा आवाज आठवायचा, आणि डोळ्यांत पाणी यायचं.

पण मंडळी, गोदामं आली, पेवं बुजली. दोघं म्हातारी पत्र्याच्या घरात राहिली. वैशाखात पत्रा तापायचा, हौसा डोक्यावर ओला पदर घेऊन बसायची. एकदा सहज म्हणाली, "पेवात कसं गार असायचं, न्हाई?" बोलली आणि विसरून गेली. केरबानं मात्र दुसऱ्या दिवशी पहार उचलली, आणि मागच्या टेकाडाच्या मुरमात खणायला लागला!

गाव हसलं. "केरबा, जित्तेपणीच समाधी घेतोस काय रं?" हौसाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणाली, "अवं, शेवटी मातीतच जायाचं हाय. आत्तापास्नं कशाला घाई?"

"तू बघ तर. राणीवाणी गार झोपशील!"

आणि खणलं हो! पेवासारखंच — वरून तोंड पाडून, आत पोट कोरत. मग टेकाडाच्या कुशीतून दार काढलं. देवाला कोनाडा, बसायला मुरमाचाच कट्टा. दृष्ट लागावी असं घर! पण हाताची सवय जाते का? काय मृदंगाचार्य, जाते? जेवतानाही ताटावर ठेका धरता की! केरबानं वरचं तोंड दगडानं झाकलं, शेणमातीनं लिंपलं. दाराच्या फटीसुद्धा लिंपल्या. ओल मारायला आत जाळ केला, आणि दार लावून ठेवलं. सगळं हळदीसाठी करतात तसं!

प्रवेशाच्या दिवशी हौसा देवाजवळचा दिवा घेऊन आत गेली. ज्योत खाली बसली. आणि विझली!

हौसा जागच्या जागी थांबली. "अवं, दिवा ऱ्हात न्हाई. भाईर चला."

दिवा विझला की पेवात उतरायचं नाही — हे केरबानंच तिला शिकवलेलं! पण आज त्याला झोंबलं. "हे पेव हाय व्हय? घर हाय माझं! तुला पयल्यापास्नं नकोच हुतं. जा, भावाकडं जा! मी ऱ्हातो एकटा." तिला बाहेर घालवलं आणि आतून अडसर लावला!

हौसा टेकाडावर जाऊन बसली. मांडीवर विझलेला दिवा. खरंच जावं भावाकडं, असं मनात आलं. उठलीसुद्धा. पण जाता जाता झाकणाशी वाकली, जुन्या सवयीनं.

"अवं ऽऽ!"

ओ नाही.

"अवं ऽऽ!"

नाही! आणि मंडळी, केरबा कितीही रुसला, अबोला धरला, तरी हाकेला ओ द्यायचाच. तो पेवाचा धर्म. हौसानं पदर खोचला. पडलेली पहार उचलली, लिंपा फोडला, दगडाखाली पहार घातली — म्हातारी हो! — आणि झाकण कलंडलं! उजेडाचा झोत आत पडला. केरबा कट्ट्यावर आडवा. तिनं वरच्या तोंडातून डोकं आत घालून हंबरडा फोडला, "अवं ऽऽ!"

काही नाही... काही नाही... आणि मग, "ओ..."

गडीमाणसं धावली, दार फोडलं, त्याला उघड्यावर आणलं. डोळे उघडून त्यानं विचारलं, "आधी हाक मारलीस व्हय गं?"

"मारली की."

"ऐकूच आली न्हाई." आणि तो पोरासारखा रडला. "हौसे, म्या हळदीचं घर बांधलं गं. माणसाचं न्हाई."

"त्ये झाकण परत ठिवायचं न्हाई. मग ऱ्हाते मी."

राहिली ना! मी जेवलोय त्या घरात. भर वैशाखात गारवा, आणि वरून उन्हाचा एक तुकडा ताटाशेजारी येऊन बसलेला. हौसाबाई वर शेंगा वाळवत होत्या. मधेच हाक आली. म्हातारा घास गिळायचा थांबला, आधी ओ दिली, मग मला म्हणाला, "हं, वाढू का आमटी?" आता दोघंही नाहीत. उन्हाचा तो तुकडा अजून येत असेल.

तुम्ही जपलंत, झाकलंत, दारं लावलीत. चांगलं केलंत! पण आतल्या खोलीतून म्हातारी आई हाक मारते, ती ऐकू येते का? शेवटची ओ कधी दिलीत? आज घरी गेल्यावर आधी ते बघा. आणि तो वरचाही हाक मारतोच आहे हो, झाकण आपणच लिंपलंय! चला, काढा ते. मी हाक मारतो, ओ तुम्ही द्यायची —

विठ्ठल, विठ्ठल...!