बाथरूममधली ठेच्याची वाटी

बाथरूममध्ये ठेच्याची वाटी दिसली आणि मी बाबांना हाका मारत घरभर फिरले. अंघोळीला ठेचा कोण नेतं, तुम्हीच सांगा! आई घोटीला मामाकडे गेलेली, घरी फक्त बाबा, आणि तेही गायब.

मग आदल्या दिवशीचं जेवण आठवलं. डॉक्टरांनी बाबांना पोट कमी करायला सांगितल्यापासून मी रोज काहीतरी वाचून त्यांना ऐकवत होते. त्या दिवशी म्हटलं, "बाबा, मिरचीतल्या तिखट घटकामुळे चरबीच्या पेशी साठवलेली चरबी जाळायला लागतात. प्रयोगशाळेत तो थेट पेशींवर टाकून बघितलाय."

"थेट?" बाबांनी दोनदा विचारलं.

"हो, पण ते काचेच्या बशीत. माणसाला एवढा फरक नाही पडत," हे मी म्हणेपर्यंत ते हात धुवायला उठलेसुद्धा होते.

मी धावत शेजारच्या काकूंकडे गेले. त्या म्हणाल्या, "अगं, आत्ताच पळत गेले तुझे बाबा. शर्टाची बटणंपण लावली नव्हती."

मी फोनवर फोन लावत सुटले. सहाव्या वेळी रडायलाच लागले होते, तेवढ्यात बाबांनी उचलला.

"घाबरू नकोस, बाळा. डेअरीत बसलोय. पोटावर अर्धा किलो दही थापलंय."

"पण ठेचा पोटाला कशाला लावायचा, बाबा?"

"खाल्ला की मला ॲसिडिटी होते गं. आणि मग तू झोपत नाहीस."