भासऱ्याच्या हातचा मोबाइल

(बपेऱ्याजवळचं एक गाव. घरामागची मोकळी जागा, पलीकडे नहर, म्हणजे कालवा. शकुनबाई, तिचा थोरला मुलगा धर्मेंद्र आणि धाकट्याची बायको शालू. धर्मेंद्र शालूचा भासरा, म्हणजे थोरला दीर; ती त्याची भावसून. शालूचा पदर हनुवटीपर्यंत.)

धर्मेंद्र : माय, तिले सांग, घरकुलाचा फोटो वापस आला. ‘चेहरा दिसत नाही’ म्हणते.

शकुनबाई : कोण म्हणते?

धर्मेंद्र : मोबाइल म्हणते. माणूस कोणी नाई तिकडं. मोबाइलच तपासते, मोबाइलच नापास करते.

शकुनबाई : मंग त्याले सांग ना, भावसून भासऱ्यापुढं तोंड उघडं करत नाई म्हणून.

धर्मेंद्र : त्याले कायची भावसून अन् कायचा भासरा! नाक-डोळे दिसले पाह्यजे, बस.

शालू : माय, त्यायले म्हणा, पदर कपाळापावतर घेतो. तेवढ्यात होते का पाहा.

शकुनबाई : कपाळापावतर? तुयी लेकरं शाळेत जाऊन राहिली, अजून त्यानं तुया पायाच्या बोटायच्या वर काई पाह्यलं नाई. तू दुसऱ्या कोणाले काढू दे ना रे फोटो!

धर्मेंद्र : माया तोंडाशिवाय हे खुलतच नाई, माय. पंचायतीनं काम मले देल्लं. मले का हौस हाय?

शकुनबाई : खोल मंग तू, अन् आण माया हाती. तू तिकडं नहराकडं तोंड करून उभा राह्य.

धर्मेंद्र : धर. हे गोल बटन दाब. हात हलवू नको.

शकुनबाई : शालू, कर पदर वर. पाह्य इकडं. दाबलं रे! शालू, घे पदर. धर्मेंद्र, ये आता, पाह्य.

धर्मेंद्र : ‘फोटो धूसर.’ अन् अर्ध्या फोटोत तुयं बोट हाय.

शकुनबाई : हात कापते त काय करू? पुन्हा देतं का?

धर्मेंद्र : थांब, आता हे नवीनच आलं. ‘डोळे मिचकवा.’

शकुनबाई : कोणी?

धर्मेंद्र : तिनं. जिता माणूस उभा हाय का कागदावरचा फोटो धरला, थे पाह्यते. लिहून येते तवाच मिचकवाचे. तुले वाचता येत नाई, म्हणजे मोबाइल मलेच धरा लागन.

शकुनबाई : भासऱ्याकडं पाहून डोळे मिचकवाचे? आग लागो तुया मोबाइलले!

धर्मेंद्र : मायाकडं नाई माय, मोबाइलकडं.

शकुनबाई : अन् मोबाइल कोणाच्या हातात हाय?

धर्मेंद्र : मी काय सांगू? एकच खेप बाकी हाय, अन् आज शेवटचा दिवस. आता नापास झाला का तिचं नाव कटते.

शालू : माय, लेकरायच्या बापाले नागपूरवरून बोलावलं त?

धर्मेंद्र : तिले सांग, तो आला तरी घर तिच्याच नावानं हाय. तोंड तिचंच लागन.

शकुनबाई : कटू दे नाव. हे घर का लहान पडते तिले? ओसरी हाय, सयपाकखोली हाय.

शालू : ओसरीवर मी कवा बसली, माय? भासरे घरात असले का मी सयपाकखोलीत. पदर चुलीत गेला होता, आठवते? आगीचा चटका लागला तरी आधी पाह्यलं, भासरे हायेत का दारात. मंग झटकला पदर.

शकुनबाई : हळू बोल. ऐकून राहिला तो.

शालू : ऐकू द्या. मले काई महाल नाई पाह्यजे. माया आंगनात बसून उघड्या तोंडानं भात खायाचा हाय, बस. अन् त्याच घरासाठी आज ह्यायच्यापुढं तोंड उघडा म्हणते. आता मी काय करू, तुमीच सांगा.

धर्मेंद्र : माय, सांज होऊन राहिली. उजेड गेला का थे बी चालत नाई त्याले.

शकुनबाई : माया भासऱ्यानं मरेपावतर मायं तोंड पाह्यलं नाई. तिरडीपाशी बी पदर होता माया तोंडावर.

शालू : तुमाले कसं वाटत होतं, माय?

शकुनबाई : कसं वाटन? कोणी पुसलंच नाई कवा. सरक तिकडं. मी नहराकडं पाह्यतो. तुमी काय केलं, थे मले दिसलं नाई.

शालू : मोठे भाऊजी, कुठं पाहू?

धर्मेंद्र : माय! हे मायाशी बोलली.

शकुनबाई : मले काय सांगतं? मी पाणी पाहून राहिली.

धर्मेंद्र : माय, तिले सांग का… नाई. वर पाहा. ह्या गोलाकडं. आता, थे डोळे…

शालू : एकदा का दोनदा?

धर्मेंद्र : एकदाच. थांबा. हां. झालं. हिरवी खूण आली.

शकुनबाई : आली ना? घे मंग पदर खाली.

धर्मेंद्र : हे पयलाच फोटो होता, माय. पाया भरल्यावर एक, भिंती झाल्यावर एक, स्लॅब टाकल्यावर एक. हर खेपेले तोंड लागन.

शकुनबाई : थे तवा पाहू. पदर घे, शालू.

शालू : घेतो, माय. स्लॅब होयेपावतर घेतो.