उचलायचा नसलेला फोन

सोसायटीतले सगळे, ऑफिसातले सगळे, आणि गावाहून एवढ्या लांब आलेली दिगूची माणसं, तुम्हा सगळ्यांना नमस्कार. मी वैशाली. अंधेरीच्या ऑफिसात दिगू माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. बसायचा. बघा, जीभ अजून वळत नाही. मी बोलणारच नव्हते. पण अनघा वहिनी म्हणाल्या, तूच सांग, मला सांगता येणार नाही. म्हणून उभी राहिले.

आम्ही नेमकं काय करतो, हे इथे बऱ्याच जणांना ठाऊक नसेल. दिगूच्या आईला तर शेवटपर्यंत वाटायचं, पोरगा फोन दुरुस्त करतो. आम्ही मोबाईल कंपन्यांसाठी बिलाचं सॉफ्टवेअर बनवतो. पण होऊन गेलेल्या कॉलचं बिल कोणालाही काढता येतं. कंपन्या म्हणतात, गिऱ्हाईक पुढे काय करणार ते आजच सांगा, बिल आधीच तयार ठेवा. दिगू तेच बनवत होता. माणसाच्या सवयी शिकायच्या आणि त्याचे पुढचे दिवस मांडायचे.

सवयी कोणाच्या शिकवायच्या? आमच्याकडे रीत आहे, नवीन काही आलं की पहिला बळीचा बकरा आपणच. स्वतःचा नंबर घालायचा. दिगूने घातला. वर हट्टाने त्यात मिस कॉलही घातले. मी म्हटलं, अरे येड्या, मिस कॉलचं कधी बिल होतं का? तर म्हणाला, बिल होत नसेल, पण माणूस त्यातच कळतो.

त्याला काय म्हणायचं होतं, ते वहिनींना माहीत आहे. ऑफिसातून निघताना घरी एक रिंग. ती आली की वहिनींनी भात लावायचा. लग्नापासून हेच. पुढे बोलणं जवळजवळ फुकट झालं, तरी हेच. कधी चुकून वहिनींनी उचललाच, तर वैतागायचा, "उचलू नको गो, भात लाव."

दिगू गेला. आपण सगळे होतो तेव्हा. तेरावं झालं. त्यानंतरच्या सोमवारी संध्याकाळी वहिनींचा फोन वाजला. एक रिंग. स्क्रीनवर नाव दिगूचं. आणि दिगूचा फोन समोर शोकेसमध्ये, बंद.

वहिनींनी सांगितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मग मी शोधलं. त्याच सोमवारी आम्ही दिगूचं सॉफ्टवेअर चाचणीसाठी सुरू केलं होतं. चाचणीत सॉफ्टवेअर स्वतः कॉल लावतं, पण ते खोट्या नंबरांवर जायला हवेत. दिगूचा नंबर आत तसाच राहिला. काढायला कोणाचा हात धजावला नाही. त्याचा नंबर खरा, वहिनींचाही खरा. सॉफ्टवेअर दिगूचा दिवस जगत होतं. संध्याकाळ झाली की घरी निघत होतं.

कारण कळलं म्हणून भीती जाते का? माझी नाही गेली. सईच्या, म्हणजे त्यांच्या मुलीच्या, वाढदिवसाला रिंग लवकर आली. दिगू त्या दिवशी लवकर निघायचा ना. मी त्याचे पुढचे दिवस उघडून बघितले. वर्षानुवर्षांचे मांडून ठेवलेत. त्याचं वय माहीत आहे सॉफ्टवेअरला. ज्या वर्षी दिगू रिटायर होणार होता, तिथून पुढे रिंग नाही. कारण त्याच्या हिशेबाने तेव्हा दिगू घरीच असणार.

मी नंबर बंद करायला घेतला. सॉफ्टवेअरने नकार दिला. गिऱ्हाईक चालू आहे, कालच कॉल केलाय. ज्याला मी शेवटचा नमस्कार करून आले, तो गेला, हे मी एका यंत्राला पटवत बसले होते. त्याला काही पटलं नाही.

सगळी चाचणीच गुंडाळता आली असती. वहिनींना विचारलं. म्हणाल्या, "रिंग आली की मी उठते, तिघांच्या मापाचा भात लावते, मग आठवतं." तरी म्हणाल्या, थांब. मी थांबले. पण सई आता संध्याकाळी घरात बसत नाही. रिंग होऊन जाईपर्यंत खाली जिन्यात बसून राहते. वहिनींनी ते पाहिलं आणि परवा मला बोलावून घेतलं.

एक वाट दिगूनेच ठेवली होती. चाचणीचा कॉल चुकून खऱ्या माणसाने उचलला, तर कॉल लावणारा नंबर चाचणीतून कायमचा बाहेर. उगाच कोणाला त्रास नको, म्हणून. मी वहिनींना तसं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "म्हणजे मीच उचलायचा."

हो वहिनी, तुम्हीच.

मंडळी, म्हणून आजची सभा या वेळेला ठेवली. दिगूची निघायची वेळ होत आली आहे. वहिनींचा फोन त्यांच्या हातात आहे. पलीकडे कोणी नसणार, हे मला पक्कं माहीत आहे, मी स्वतः तपासलंय. तरी इथे येण्याआधी पुन्हा एकदा बघून आले.

दिगू, तुझ्या कामात खोट नव्हती रे. हा माझा नमस्कार.

आता सगळे उभे राहा. फोन वाजेपर्यंत कोणी बोलू नका. वाजल्यावरही बोलू नका. वहिनींना त्याच्याशी बोलायचंय.